माशीच्या मिशांवरची धूळ

“आज संध्याकाळी सगळे पिंजरे रिकामे करायचे,” मावशी म्हणाली आणि चष्मा काढून डोळे चोळत बसली.

सुट्टीत तिच्याकडे आलेली ताई आणि तिचा धाकटा भाऊ पिल्लू एकमेकांकडे बघत राहिले. मावशीची मुलगी भिंगरी पिंजऱ्यांजवळ जाऊन उभी राहिली. मावशीला घरी जायला फुरसत नव्हती, म्हणून तिघांची सुट्टीही प्रयोगशाळेतच चालली होती. पिंजऱ्यांतल्या मावशीच्या परजीवी माश्या पिकं खाणाऱ्या अळ्या वासावरून हुडकत आणि त्यांच्या अंगावर अंडी घालत. अंड्यांतून निघालेले जीव त्या अळ्यांना पोखरून मारत, मग पिकावर विषारी फवारा मारावा लागत नसे. पण हल्ली त्यांना समोरची अळीसुद्धा सापडत नव्हती.

“म्हाताऱ्या झाल्या असतील,” पिल्लू म्हणाला.

“परवाच कोशातून बाहेर आल्यात रे. वाणच बिघडलंय. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.”

ती चहा आणायला गेली. भिंगरी पेंगुळलेल्या डोळ्यांनी पिंजऱ्याला नाक लावून बसली.

“ताई, ह्या सारख्या तोंड का पुसतायत?”

“माश्या पुसतातच.”

“इतकं? मघापासून एकीलाही उसंत नाही.”

ताईनं पिंजऱ्यातली एक मेलेली माशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. माशीच्या मिशांवर बारीक केस आणि खळगे असतात, वास तिथंच कळतो, हे मावशीनं दाखवलं होतं. आज खळगे दिसेचनात. सगळीकडे पांढरी भुकटी बसली होती.

“नाक चोंदलंय बिचारीचं,” पिल्लू म्हणाला.

तिघांनी वर पाहिलं. पिंजऱ्यांच्या बरोबर वर थंड हवेच्या यंत्राचं तोंड होतं. भिंगरी इमारतीची देखभाल बघणाऱ्या काकांना घेऊन आली.

“हवा गाळायची जाळी नवीनच बसवलीय,” काका जांभई देत म्हणाले. “वरच्या मजल्यावर भिंती फोडायचं काम चाललंय, म्हणून मुद्दाम बदलली.”

“हो का? पण हवा लागत नाही नीट,” ताई साळसूदपणे म्हणाली. “इथं उभं राहून बघता जरा?”

काका उभे राहिले. पिल्लूनं हवेचं बटण पूर्ण फिरवलं. काकांच्या काळ्या कोटाचे खांदे बघता बघता पांढरे झाले. त्यांनी कोट झटकला, वर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“बदलायची राहिली,” ते हळूच म्हणाले. “शिडी आणतो.”

मावशी परत आली. सूक्ष्मदर्शकात ती इतका वेळ बघत राहिली की चहा गार झाला.

“वाण चांगलंच आहे,” ती शेवटी म्हणाली. “डोळ्यांवर इतकी झापड होती, मला हे सुचलंच नाही. तुम्ही वाचवलंत पोरांनो.”

नुकत्याच कोशातून निघालेल्या माश्यांच्या एका डब्याचं झाकण अजून उघडलेलं नव्हतं. त्यातल्या माश्या त्यांनी शेजारच्या खोलीतल्या स्वच्छ पिंजऱ्यात सोडल्या आणि कुरतडलेल्या पानावर एक अळी ठेवली. वाट बघता बघता मावशीची मान खुर्चीतच कलली.

एक माशी उडाली, घुटमळली आणि थेट अळीच्या पाठीवर उतरली.

“आईला उठवू?” भिंगरी कुजबुजली.

ताईनं मान हलवली. “झोपू दे. माश्या काही पळून जात नाहीत आता.”