बंपरमागचं भांडण

दसऱ्याची सकाळ होती. अपेक्षा पूनमच्या, म्हणजे तिच्या मैत्रिणीच्या, ओसरीवर चहाचा पहिला घोट घेत होती, तेवढ्यात तिला अंगणात आपली गाडी अंघोळ करताना दिसली.

कप आपटून ती धावली. पूनमचा दीर गोपाल ट्रॅक्टर धुऊन झाल्यावर त्याच पाइपानं तिच्या कारच्या बंपरखाली धार सोडत होता… आणि वर गुणगुणतही होता!

"ए, थांब! कोणी सांगतलं तुले?"

"सांगाले काय लागते? दसऱ्याले दारातली गाडी पारोशी ठेवत नाईत," तो हसून म्हणाला. "चिखल किती होता, पाह्यला का?"

त्या हसण्यानं तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंजिनाला बाहेरची थंड हवा मिळावी म्हणून तिनं हौसेनं वेगळा पाइप बसवून घेतला होता. त्याच्या टोकाचा हवेचा फिल्टर नेमका त्या बंपरमागे, चाकाजवळ, उघडाच होता. त्यातून पाणी आत ओढलं गेलं की इंजिनाचा खेळ खलास! आणि आबांनी, तिच्या वडिलांनी, बजावून ठेवलं होतं — गाडी आता एकदा जरी बंद पडली, तर विकून टाकीन. गाडी गेली की घरून, सोनाळ्याहून, शेगावला जाणं गेलं, तिथल्या लॉजमधली नोकरी गेली. मग घरी बसून पोहे करायचे, बघायला येणाऱ्यांसाठी.

"चालू करून पाहू?" गोपालनं विचारलं.

"हात तर लावून दाखव!"

तिनं फिल्टर काढून सावलीत वाळत ठेवला. तो वाळेपर्यंत ती अडकली आणि गोपालही समोर उकिडवा बसून राहिला… मान खाली, पण नजर मधूनमधून वर. शर्टावर चिखल, कपाळावर केसांची ओली बट. छान दिसतो मेला, असं तिच्या मनात आलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

"मी कवर शिवून देतो याले," तो म्हणाला. "पाणीबी जाणार नाई, धूळबी नाई."

दिलं त्यानं शिवून — जुन्या रेनकोटाचं! पाणी जाईना हे खरं, पण हवाही जाईना. शेगावच्या रस्त्यावर गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकायला लागली. अपेक्षानं ते कव्हर ओरबाडून काढलं आणि परतताना थेट त्याच्या अंगावर फेकलं.

"तुह्या नाकाले बांध हे, आन् पळून दाखव!"

"चुकलं माहं," तो कान पकडून म्हणाला. "पण… भांडाले का होईना, आली ना तू."

"तू? तू कोणाले म्हणून राह्यला?"

"मंग तुमी म्हणू?"

ती दार आपटून गाडीत बसली. आरशात पाहिलं तर आपण चक्क हसतोय! तिनं आरसाच वळवून टाकला.

नंतरचं काम मात्र त्यानं तिला विचारून केलं. चाकाच्या बाजूनं पत्र्याचा आडोसा लावला आणि फिल्टरवर, शिंतोडे अडवून हवा आत सोडणारं विकतचं कापड चढवलं. त्यावरची धूळ झटकायच्या निमित्तानं ती शेगावहून येता-जाता, वाटेवरच्या पूनमच्या दारात थांबायची. गोपाल पुढ्यात यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा… पण मुद्द्याचं काही म्हणून बोलेल तर शपथ! ट्रॅक्टर, सोयाबीन, हवापाणी… अपेक्षा दर वेळी दातओठ खात घरी जायची.

एका संध्याकाळी अवकाळी पाऊस कोसळला. पूनमच्या गावापुढच्या नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं, आणि पलीकडून आबांचे फोनवर फोन येत होते. अपेक्षानं गियर टाकला, तोच गोपाल गावातून धावत येऊन गाडीसमोर आडवा उभा राहिला.

"बाजूले सर!" तिनं काच खाली केली.

"नाई सरत."

"तूच केला ना आडोसा? कवर हाय ना वरून?"

"ते शिंतोड्यासाठी हाय! बुडलं की काईच कामाचं नाई ते!"

"उशीर झाला तर आबाले वाटंल गाडी बंद पडली. इकून टाकतील ना ते!"

"इकू दे!" गोपाल एवढ्यानं ओरडला की ती दचकलीच. त्याला रागावलेलं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. "खड्ड्यात गेली गाडी! मी ट्रॅक्टरवर नेऊन सोडतो तुले शेगावले, रोज! पण तू या पाण्यात उतरली ना…" त्याचा आवाज चिरकला.

"रोज?" तिचा हात गियरवरच राहिला. "किती दिवस?"

"जलमभर!"

बोनेटवर पाऊस ताडताड वाजत होता. आपण काय बोलून बसलो हे कळून गोपाल जागच्या जागी गोरामोरा झाला. अपेक्षानं इंजिन बंद केलं.

"मंग ओरडून काऊन सांगून राह्यला?" ओढणीनं डोळे पुसत तीही तेवढ्याच जोरात ओरडली. "मी नाई म्हणून राह्यली का?"