त्रेचाळीस अंश

अवनी चहा पिऊन प्रयोगशाळेत परतली, तर एक अनोळखी माणूस बेसिनशी उभा राहून तिचा बीकर घासत होता. मन लावून, वर गुणगुणत!

"अहो... हे काय करून राहिले तुमी?"

"तळाले काळा गाळ होता, मॅडम. बीकर चुंबकावर ठेवला होता कोणंतरी. उचलला, तर गाळ सुटला. देल्ला ओतून." आणि तो चक्क हसला.

अवनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो गाळ म्हणजे तिची पंधरा दिवसांची मेहनत, लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण! धुताना बीकर चुंबकावर ठेवला की कण तळाशी धरून राहतात आणि वरचं पाणी तेवढं ओतायचं, एवढी साधी रीत. आज सोमवार, आणि गुरुवारी अकोल्याच्या यंत्रावर कण तपासायची तिची वेळ होती. ती हुकली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि प्रबंधाची मुदत तर याच महिनाअखेर.

"आंधळे आहा का? कोणं बोलावलं तुमाले?"

"सेंट्रिफ्यूज मशीन दुरुस्तीले आलो, अकोल्याहून. मी गोवर्धन..."

"नाव नका सांगू! तोंड नका दाखवू!"

तो गेला नाही. खाली मान घालून म्हणाला, "पुन्हा करायले किती हात लागतात?"

"चार."

"मंग दोन माहे घ्या."

रागाच्या भरात ती हो म्हणाली. पंधरा दिवस खरे तर योग्य मापं शोधण्यातच गेले होते; ती आता वहीत होती. तीन दिवस तो थेंब थेंब अमोनिया सोडत बसला. वासानं दोघांचे डोळे चुरचुरत, आणि ती खेकसे, "हळू! हळू म्हटलं ना!"

"पण हे करते काय नेमकं?"

"यावर कॅन्सरचं औषध चढवायचं. बाहेरून चुंबक धरला का कण गाठीपाशीच थांबावे, अंगभर फिरू नये. मंग चुंबकीय क्षेत्रानं ते तापवायचे, त्रेचाळीस अंशांवर. गाठीले ते सोसत नाही, बाकी अंग सोसते. अजून सारं नळीतच आहे, माणसापर्यंत जायले लय वर्षं लागतील."

"म्हणजे तुमच्यावानीच... नेमक्या माणसावर तापायचं!"

तिला हसू फुटलं. ते त्यानं पाहिलं, याचाही तिला राग आला.

गुरुवारी अकोल्यात कण तापवायचं यंत्र सुरू झालं. एकोणचाळीस... एक्केचाळीस... आकडा तिथंच अडला. नळ्यांचा डबा उचलून सोबत आलेला गोवर्धन शेजारी आकड्यावर डोळे लावून उभा होता. बेचाळीस... त्रेचाळीस. तिथं आकडा स्थिरावला आणि अवनी ढसाढसा रडली.

डोळे पुसून पाहते, तर गोवर्धननं पिशवी खांद्याला लावलेली.

"निघतो मॅडम. घर इथंच आहे, जठारपेठेत. तुमचं काम झालं..."

"असे कसे निघाले?" ती कडाडली. "तीन दिवस मी तुमच्यावर ओरडले, अन् रोज सकाळी दाराकडंच पाहून राहिले! काल पंधरा मिनिटं उशिरा आले, तर माह्यानं एक माप धड घेववलं नाही. याच्यापायी मले तुमच्यापेक्षा माह्याच राग जास्त येते. अन् तुमी म्हणता, निघतो?"

गोवर्धनचे कान लाल झाले. "मले तर सोमवारीच... पण बोललो असतो, तर तुमी काहीतरी फेकून मारलं असतं."

"आताही मारीन. बोला!"

"आवडता तुमी मले... रागासकट."

"एवढं सांगायले तीन दिवस?" तिचा आवाज अजून चढलेलाच होता, हात मात्र त्याच्या बाहीवर. "मॅडम नका म्हणू. अवनी म्हणा. अन् चला, घरी न्या मले. भांडायचं आहे तुमच्या आईशी, दुसऱ्याचा बीकर न विचारता धुवायले पोराले कोणं शिकवलं म्हणून."