सैल होत गेलेलं झबलं

"बाळ सुकतंय," ती तिसऱ्यांदा म्हणाली आणि स्वतःचा आवाज ऐकून तिची तिलाच भीती वाटली.

तपासनीस बाईंनी पाळण्यात डोकावून पाहिलं. सात महिन्यांची पोर मूठ चोखत होती.

"मला तर चांगली गुटगुटीत दिसतेय," फौजदार म्हणाले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते बाईंबरोबर हिंडत आणि दर वेळी नेमका चुकीच्या माणसावर संशय घेत.

"काटाही तेच सांगतो. हे दर रविवारी वजन करतात, आलेख काढतात. रेघ वर जाते. मग हे काय?" तिने झबल्याचा गळा चिमटीत धरला. दोन बोटं जागा मोकळी होती. "महिन्यापूर्वी अंगाबरोबर बसायचं. आता आठवड्याआठवड्याला सैल होतंय. झबली तीच. पोर तीच. मग कमी काय होतंय?"

"कुणी उसवून शिवलं असेल."

"सगळ्या शिवणी भिंगातून पाहिल्या. उसवलं तर सुईची जुनी भोकं राहतात. इथे एकही नाही."

बाईंनी मान हलवली. उत्तर त्यांना आवडलं होतं. "तुमच्या बाहीवर डाग कसला?"

"हिच्या लोहाच्या थेंबांचा. रोज देते, निम्मे ही थुंकते. दहादा धुतलं, जात नाही." मग ती एकदम कुजबुजली, "पाच वाजता गाडी येणार आहे. मला मनोरुग्णालयात नेतील. यांनी कागदावर सही केलीय. पोर वन्संकडे जाईल. यांची पहिली बायको पण असंच म्हणायची. ‘मी विरघळतेय, कपड्यांतून गळतेय.’ शेवटी तिनं गच्चीवरून उडी टाकली. मी तशी होतेय का हो?"

बाईंनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं.

स्वयंपाकघरात मावशी भांडी विसळत होत्या. पहिल्या बायकोच्या वेळेपासून त्या इथे होत्या. फौजदारांनी सरळ हल्लाच केला.

"पहिलीवर जीव होता म्हणे तुमचा. दुसरी डोळ्यांत खुपते, नाही?"

"खुपायला आधी दिसायला हवं! सुईत दोरा ओवायचा तर शेजारणीला हाक मारते मी."

"बाळाचे कपडे?" बाईंनी विचारलं.

"मी धुते. इस्त्रीला साहेबांच्या मोठ्या ताई नेतात, त्यांच्या शिवणक्लासात वाफेची इस्त्री आहे. आणि काय इस्त्री! माझ्याच्यानं न निघालेला डागसुद्धा जातो."

बाईंनी फौजदारांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. ते कुरकुरत छत्री घेऊन निघून गेले.

नवरा कामावरून लवकर आला होता. तो पूल बांधणारा इंजिनीअर होता.

"हिचं भलं व्हावं म्हणूनच सही केली. ताईनंच समजावलं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, ताई सोळाची. माझ्यापायी तिनं लग्न केलं नाही."

"पहिल्या बायकोची वरची खोली उघडता?" बाईंनी विचारलं.

तो पांढरा पडला. पण किल्ली दिली.

वर पहिलीचं सगळं जसंच्या तसं होतं. कंगव्यात केसही. कपाटात दोन निळे कोट शेजारी शेजारी टांगलेले होते, बटणांसकट एकसारखे. "एकच रंग दोनदा?" मागोमाग वर आलेली ती दारातूनच म्हणाली. आत पाऊल टाकायचं धैर्य तिला झालं नाही. बाईंनी दोन्ही कोटांवर टेप धरली आणि काही न बोलता घडी करून खाली आणले.

चारला वन्सं आल्या, हातात इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा.

"पाहुणे? बरं झालं. निरोपाला माणसं असावीत." पोरीला उचलायला त्या वाकल्या. तिने पोर छातीशी ओढली. "बघ, कशी करते," वन्सं भावाला म्हणाल्या.

"झबली तुम्हीच शिवलीत?" बाईंनी विचारलं.

"मीच. पण उसवाउसव करायला वेळ कुणाला? चाळीस मुली आहेत क्लासात."

साडेचारला फौजदार घामाघूम होऊन परतले, काखेत कागदाचं पुडकं. "तुमच्या सांगण्यावरून क्लासातनं आणलं. मुलींनी कपाटातून काढून दिलं. जुनीच तर झबली आहेत!"

वन्संचा हात गठ्ठ्यावर थबकला.

"बसा सगळे," तपासनीस बाई म्हणाल्या. "झबली कुणी उसवली, हा प्रश्नच चुकीचा होता. भोकं नाहीत, म्हणजे उसवलीच नाहीत. लोहाचा डाग धुऊन जात नाही. ही बाही बघा. तरी इस्त्रीहून झबली कोरी येतात. डाग गेला नाही, झबलं गेलं. त्याच कापडाचं, एक माप मोठं झबलं त्याच्या जागी आलं."

त्यांनी पुडकं सोडलं. पिवळ्या फुलांची लहानशी झबली, छातीवर तपकिरी डाग.

"मावशींना सुई दिसत नाही. इंजिनीअर कपड्यांना हात लावत नाहीत. कपडे घराबाहेर जातात ते एकाच ठिकाणी. आणि हे दोन कोट. एक दुसऱ्यापेक्षा चार बोटं रुंद. तोच प्रयोग, आधी पहिलीवर. तिला गच्चीवरून कुणी ढकललं नाही. फक्त रोज थोडं थोडं विरघळवलं."

"आणि मी मावशींना..." फौजदार पुटपुटले.

वन्सं शांत होत्या. "तो माझा आहे. वाढवला मी. या येतात आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसतात. ही पोर तरी मी नीट वाढवली असती."

मग नवऱ्याने खिशातून सहीचा कागद काढला.

"फाडा," ती म्हणाली.

त्याने दोन्ही हातांत कागद धरला. आणि फाडण्याआधी, अगदी निमिषभर, बहिणीकडे पाहिलं. लहान मूल ताटातला घास उचलण्याआधी पाहतं तसं.

मग फाडला. टराटरा, बारीक तुकडे केले. रडलासुद्धा. "चुकलो गं," म्हणाला.

पण तिने ते पाहिलं होतं. या घरात वन्संना विचारल्याशिवाय काहीच होणार नाही, हे तिला आता नीट, थंडपणे कळलं. तिने पोरीला दुपट्यात गुंडाळलं, पायात चपला सरकवल्या.

"बाई, तुमच्या गाडीत आम्हा दोघींना जागा आहे?"

फौजदारांनी एक शब्द न विचारता दार उघडलं.