दोन रनरची चेन

"एवढी लांब चेन कशाला, मॅडम? तंबू शिवताय का?"

लांब चेन शोधत निघाले होते, वाटेत रिक्षा बंद पडली म्हणून सावेडीतल्या एका बॅगा दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढले. रेक्झिनचा, मशीनच्या तेलाचा वास... आणि दातांत दोरा धरून वर बघणारे दुकानदार वैजनाथचे डोळे.

"तंबू नाही. डीएनए," मी म्हणाले.

"मग बसा," त्यानं स्टूल पुढं सरकवलं. "डीएनएचं माप घ्यायला येळ लागतो."

हसूच आलं. खरं तर रडायची वेळ होती. पंधरा दिवसांनी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या जागेसाठी मला नमुना तास द्यायचा होता. गेल्या खेपेला चेनच नडली. चेन म्हणजे डीएनए, तिच्यावर सरकणारा रनर म्हणजे आरएनए पॉलिमरेज. रनर ओढला आणि अख्खी चेन उघडीच! "बाई, मागचा डीएनए मिटणार कधी?" परीक्षक म्हणाले, वर्ग हसला. या वेळीही हुकले तर थेट कर्जतला घरी परत, असं वडिलांनी, अण्णांनी बजावलं होतं. सगळं त्याला सांगून टाकलं.

"करतो काय तो, तुमचा पॉली...?"

"पॉलिमरेज. जोडीतले दोन धागे थोडेसेच उघडतो. त्यातला एकच वाचत वाचत आरएनएची नवी साखळी विणतो. पुढं सरकला की मागचे धागे पुन्हा मिठीत—" मी अडखळले. "म्हणजे... मिटतात."

"मिठीच म्हना की." बोलला चेनीकडं बघून. कान मात्र लाल.

मग त्यानं चेनीत दोन रनर उलटसुलट ओवले, रेक्झिनच्या पट्टीनं एकमेकांना जोडले आणि ओढले. पुढचा उघडत गेला, मागचा मिटवत गेला! मधली इवलीशी फट चेनभर चालत राहिली. तिच्यातून मी पिवळी रिबन बाहेर काढली... माझा आरएनए!

"वैजनाथ, तुम्ही जादूगार आहात!"

"मोठ्या बॅगेला असत्यात की दोन रनर." चेन माझ्या हातात देत, "मॅडम, मी..."

"काय?"

"काही न्हाई. चेनीला मेण लावा."

दुसऱ्या दिवशी, दुकानात चेनीचं मॉडेल शिवताना, "तुमी रोज..."

"रोज काय?"

"...रोज चहा घेता का?"

असे पंधरा दिवस गेले.

तासाच्या दिवशी मॉडेल त्याच्याच स्कूटरवरून आलं. तो खिडकीबाहेर उभा, जादाचा रनर मुठीत घट्ट धरून.

"आणि मागचा डीएनए?" तेच परीक्षक.

"मिटलाय, सर. हात लावून बघा."

त्यांनी बोट फिरवलं. मान डोलावली.

बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅम, पॉलिमरेज आला की लगेच कामाला लागतो?"

माझी नजर खिडकीकडं गेली. "छे गं! पुष्कळदा अडखळतो. दोन-चार अक्षरं जोडतो, टाकून देतो. जागा मात्र सोडत नाही, पुन्हा पहिल्यापासून. पण एकदा दहाएक अक्षरं जुळली ना... की मग शेवटापर्यंत थांबत नाही."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. तासाभरानं परीक्षकांनी नाव वाचलं. माझं!

मी फाटकाकडं धावले. वैजनाथ स्कूटरला टेकून बोटं मोजत होता.

"झालं! मिळाली जागा!"

त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, लगेच गंभीर झाला. "मी... तुमी..." श्वास घेतला. बोटांकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"पंकजा, माझ्याशी लग्न कर."

मीही बोटांवर त्याची अक्षरं मोजली. एक, दोन... बरोबर दहा.

"जुळली की हो!" मी मॉडेल छातीशी धरून स्कूटरवर मागं बसले. "आता थांबायचं नाही हं. आधी कर्जत... अण्णांना सांगायला."