सातवा प्रकार

मिरजेच्या बालसंधिवात प्रयोगशाळेत वर्गकार यंत्र आलं, तेव्हा डॉ. शर्वरी केतकरांनी त्याच्यापुढे चक्क नारळ फोडला होता. लोक हसले, पण यंत्र होतंच तसं गुणी! सांध्याची सूज मोजायचं, सांधा दाबताना मुलाचा चेहरा, श्वास, हुंकार टिपायचं, आणि सारखी मुलं एकत्र करून आजाराचा प्रकार सांगायचं. सहा प्रकार डॉक्टरांना ठाऊक होते. त्यानं सातवा शोधला. सूज आहे, पण दुखत नाही. सौम्यच की, म्हणून या मुलांना जहाल औषध द्यायचं नाही असं ठरलं. शर्वरीची सात वर्षांची रेवा त्यांतलीच. केवढं हायसं वाटलं होतं तिला!

आज रेवाचा गुडघा सरळ होईना.

“आतून झिजलाय,” क्ष-किरण छायाचित्र पाहत प्रयोगशाळेतले तिचे ज्येष्ठ सहकारी डॉ. हबीब मुकादम म्हणाले. “सौम्य कसला, डोंबलाचा!”

“म्हणजे वर्गकार चुकला?”

“नाही गं. तो सारखेपणा शोधतो, कारण शोधत नाही. सातव्यातली मुलं सारखी आहेतच. कशात सारखी, हे आपण विचारलंच नाही.” ते घुटमळले. “परवा मी त्यांना पुन्हा तपासलं. आयांना बाहेर बसवून.”

“मग?”

“हात लावला की किंचाळली पोरं. जुन्या सहा प्रकारांत वाटली गेली. आपण रडलो की आई रडते, म्हणून दातओठ आवळून बसायची बिचारी. सातवा प्रकार नाहीच, शर्वरी. त्यात आता एकटी रेवा उरलीय.”

रेवाला नेहमी शर्वरीच तपासायची. लेकीला दुसऱ्याच्या हाती द्यायला तिचा जीव धजत नसे. गुडघा पहिल्यांदा सुजला त्या दिवशी ती रेवासमोरच ढसाढसा रडली होती. तेव्हापासून पोरीनं कधी हूं की चूं केलं नव्हतं, आणि आई सगळ्यांना कौतुकानं सांगायची, माझी रेवा फार शहाणी!

शर्वरीनं रेवाला आत आणून तपासणीच्या खाटेवर बसवलं आणि ती बाहेर गेली. मुकादमांनी दार लोटलं.

आतून किंकाळी आली. शर्वरीचा हात कडीवर गेला आणि तिथंच थांबला. आत गेली असती तर पोर पुन्हा गप्प झाली असती.

“काका,” हुंदक्यांतून रेवा म्हणत होती, “आईला नका ना सांगू. ती रडते.”

शर्वरीनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. दार पातळ होतं, बाहेरचा आवाज आत गेला असता.