हात नको सोडू

खरं सांगते, यात पदरचं एक अक्षर नाही. माझी मावसबहीण योगिता, तिच्यासोबत हे घडलं. सुरतमध्ये, तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका रविवारी.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

योगिता सुरतच्याच बमरोली भागात वाढलेली. वडील लूमवर कामाला, मूळ गाव अमळनेरकडे. चार वर्षं ती एका छोट्या दवाखान्यात नर्स होती. मग मोठ्या हॉस्पिटलात ट्रॉमा आयसीयूत नोकरी लागली. अपघाताचे, डोक्याला मार लागलेले पेशंट. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि पोरीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"सिस्टर, आज जरा सराव करू का?" तिने तिथल्या नूतन सिस्टरना विचारलं.

सिस्टरनी तळमजल्यावरची ट्रेनिंगची खोली उघडून दिली. "पाचला वॉचमन मगनकाका कुलूप लावतील, तोवर कर," म्हणाल्या आणि वर गेल्या.

खोलीत एक पलंग. त्यावर रबरी पुतळा. शेजारी अंबू बॅग, म्हणजे मशीन बंद पडलं तर पेशंटला हाताने श्वास द्यायचा फुगा.

योगिताने मास्क पुतळ्याच्या तोंडावर बसवला. दाबायचं, सोडायचं, पाच मोजायचे. पुतळ्याची छाती वर यायची, खाली जायची.

अर्ध्या तासाने हात भरून आले. ती थांबली.

छाती वर आली...

तिने बॅग दाबलीच नव्हती.

आत हवा अडकली असेल, असं तिला वाटलं. मास्क काढायला तिने पुतळ्याच्या हनुवटीखाली बोटं घातली.

रबर कोमट होतं.

ती दाराकडे धावली. मूठ फिरली, पण दार तसूभरही हललं नाही. तिने दोन्ही हातांनी दार बडवलं. मघापर्यंत बाहेर ट्रॉल्यांचा खडखडाट चालू होता...

आता काहीच नाही.

मोबाइललाही रेंज नाही.

मग मागून घरघर ऐकू आली. श्वास अडकलेल्या माणसाची. चार वर्षांत कितीदा ऐकलेली.

आणि पलंगापलीकडच्या रिकाम्या जागेतून... एका बाईचा आवाज.

"हात नको सोडू व माय. मना भिकनना दम चालू शे."

अहिराणी. योगिताच्या घरची बोली. हात सोडू नको, माझ्या भिकनचा श्वास चालू आहे, असं ती विनवत होती.

समोर कुणी गुदमरत असताना नर्सचे हात गप्प राहत नाहीत. ती रडत रडत परत आली आणि बॅग दाबू लागली.

घरघर थांबली.

हात जरा थांबले की घरघर सुरू. आणि अगदी खांद्याशी बाईचे हुंदके.

"माले जाऊ दे व माय," योगिताने हात जोडल्यासारखं म्हटलं.

"तू गई का तो बी जाई."

दाबायचं, सोडायचं, पाच मोजायचे. मनगटं सुजली. अंगठ्याला फोड आला, फुटला. दोन तास ती तिथून हलली नाही.

अचानक दार उघडलं. मगनकाका उभे.

"बेन, हजु अहीं? बारणुं तो खुल्लुं ज हतुं!"

ती अजून इथेच कशी, दार तर म्हणे उघडंच होतं.

योगिताने बॅग टाकली आणि त्यांच्या अंगावरूनच बाहेर पळाली. मागे एक लांब श्वास सुटला...

पुन्हा आत गेला नाही.

मग ती बाई हळूच म्हणाली, "भिकन...?"

मगनकाकांना काही ऐकू आलं नाही.

घरी मावशीने मीठ-मोहरीने दृष्ट काढली, नोकरी नको म्हणून हट्ट धरला. तरी योगिता सोमवारी हजर झाली. आजही तिथेच आहे. भिकन नावाचा पेशंट तिथल्या कुणालाच आठवत नाही.

हा विषय ती काढत नाही. एकदाच, माझ्या घरी भाजी निवडता निवडता, मान वर न करता तिने विचारलं.

"ताई, मी अजून थोडा वेळ थांबले असते, तर तो वाचला असता का गं?"