अकरा ते सहा, छोटी खोली

ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. पण हे खरं आहे, आणि माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय.

चार आठवड्यांपूर्वीचा रविवार. सकाळचे पावणेअकरा. बाहेर लख्ख ऊन. वकिलांचं मोठं ऑफिस, अकरावा मजला.

घरात आम्ही तिला चिमी म्हणतो. नवी वकील. तिच्या ऑफिसात कामाच्या प्रत्येक तासाचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे करून लिहावे लागतात, कोणत्या अशिलासाठी काय केलं ते. वर्षाचे तास ठरलेले. त्या दिवशी वर्ष संपत होतं आणि चिमीला सात तास कमी पडत होते.

"तास भर, नाहीतर दुसरीकडे बघ," मोठ्या वकीलबाईंनी बजावलं होतं.

पोरीने वर्षभर रात्रीचा दिवस केला होता हो! शेवटी तिने हात दाखवून अवलक्षण केलं. एका म्हाताऱ्या अशिलाच्या नावावर खोटी नोंद ठोकली. 'भेट, छोटी खोली, अकरा ते सहा.' आजोबा बिल कधी वाचत नसत. नोंद टाकून घरी जेवायला जायचं, असा बेत.

बरोबर अकराला टेबलावरचा फोन वाजला. ऑफिसात तर चिटपाखरू नव्हतं...

"वकीलबाई, मी आलोय. छोट्या खोलीत बसलोय."

आजोबांचाच आवाज.

चिमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती धावत गेली.

खोली रिकामी.

एक खुर्ची मात्र बाहेर ओढलेली...

आणि मागे दार लागलं.

तिने हँडल ओढलं, लाथा घातल्या, आईला फोन लावला. "चिमे, बोल ना गं! हॅलो?" आईचं सगळं ऐकू येत होतं. चिमीचं मात्र तिला काहीच पोचत नव्हतं.

मग त्या खुर्चीत कोणीतरी खाकरलं...

"घ्या लिहून. भावाने मला घराबाहेर कसं काढलं ते सांगतो. अगदी जन्मापासून."

ती लिहीत राहिली. हात थांबला की भिंतीवरचं घड्याळही थांबायचं.

सहाला दार आपोआप उघडलं.

सोमवारी मोठ्या वकीलबाई आल्या. "ही कसली नोंद? आजोबा गुरुवारीच गेले. त्यांच्या मुलाचा फोन आला होता."

चिमीची पाचावर धारण बसली. तिने सगळं कबूल केलं, नोंद खोडली, नोकरीही सोडली. सुटले, असं तिला वाटलं.

पुढच्या रविवारी अकराला ती घरच्या बाथरूममध्ये अडकली. काकांनी सुतार आणला, कडी उचकटली. दार तसूभर हललं नाही. आतून एका पुरुषाचं बोलणं ऐकू येत होतं...

त्यानंतरचे दोन्ही रविवार तसेच.

आज ती माझ्याकडे आलीय. आम्ही सगळी दारं सताड उघडी ठेवली होती.

अकराला सगळी एकदम लागली.

हे मी आतूनच लिहितेय. सहानंतर पाठवीन. चिमी समोर बसून वही भरतेय. ही पाचवी वही. मघाशी तिने रडत विचारलं, "आजोबा, अजून किती राहिलंय हो?"

समोरची खुर्ची करकरली...

"अहो, मी आत्ता कुठे शाळेत जायला लागलोय."

आजोबा गेले तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.